तालुक्याच्या गॅरेजलाही गाडीचा संगणक उघडू द्या

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

तसेच भारतात मोटारी बनवून विकणाऱ्या सर्व कंपन्या

स.न.वि.वि.

मी परभणीचा. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिल्पनिदेशक होतो, आता निवृत्त आहे. माझ्याकडे शिकलेली पोरे आज जिंतूर, सेलू, गंगाखेड, वसमत, परळी अशा गावांत गॅरेज चालवतात. काही जण वाळूजच्या कारखान्यांत लागले. गाडी अडली की त्यांचे फोन येतात, अजूनही येतात. पूर्वी विचारायचे, "सर, टायमिंग बसत नाही, काय करू?" आता विचारतात, "सर, फॉल्ट सापडला, पार्ट बदलला, वायर जोडली, तरी डॅशबोर्डवरची लाईट जाईना. आत जायला कोड मागतेय. कोड आणू कुठून?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. ते आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

नव्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. "जुनीच गाडी बरी होती, पाना-पक्कड घेऊन घरी खोलता यायची," असे आमच्याकडे पारावर बसलेली जाणती माणसे म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालत आलो आहे. कार्बोरेटरची गाडी हिवाळ्यात चोक ओढून किती वेळ कण्हत उभी राहायची, पेट्रोल किती जाळायची आणि डिझेलच्या जुन्या जीपमागे दुचाकीवाल्याचे तोंड कसे काळे व्हायचे, हे मी विसरलेलो नाही. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅग आणि 2022 पासून शेजारच्या सीटसाठीही. हे निर्णय योग्यच होते. समृद्धी महामार्ग आमच्या जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, मोटारींना तिथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात कुत्रे आडवे आले आणि चालकाने घाबरून ब्रेक दाबला, तर एबीएस नसलेल्या गाडीची चाके लॉक होतात आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. एबीएस एका सेकंदात अनेकदा ब्रेक सोडते आणि धरते, म्हणून गाडी वळवता येते. मे महिन्यात काँक्रीटच्या रस्त्यावर टायर तापतात, तेव्हा हवा कमी झाल्याचे डॅशबोर्डवर आधी कळले तर घरची माणसे घरी पोहोचतात. या सोयी मी मनापासून शिकवल्या.

माझी तक्रार वेगळी आहे. या सोयी बिघडल्यावर दुरुस्त करण्याची माहिती आणि परवानगी कंपन्यांनी आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरती ठेवली आहे. पुण्या-मुंबईत सर्व्हिस सेंटर दोन चौक पलीकडे असते. आमच्याकडे बहुतेक कंपन्यांची सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, काहींचे तर जिल्ह्यातही नाही, थेट नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. किनवट, माहूर, भूम, परंडा, सेनगाव इथल्या माणसाची गाडी अडली की आधी टोचन करायला वाहन शोधायचे. मग दिवस मोडायचा, गाडी तिथे सोडून एसटीने परतायचे आणि पुन्हा आणायला जायचे. गाडीत बाळंतीण असेल किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर काय होते, याचा विचार कृपया दुरुस्तीच्या नियमांचा कागद लिहिताना व्हावा.

आता हे नेमके कुठे अडते ते सांगतो. शिक्षक आहे, जरा विस्ताराने सांगेन.

स्टिअरिंगखाली 16 पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर लावला की गाडी आपला आजार कोडमध्ये सांगते. इंजिन आणि धुराशी संबंधित कोडांचा एक भाग सगळ्या कंपन्यांना समान आहे. पी शून्यने सुरू होणारा कोड कोणत्याही गाडीत तोच अर्थ सांगतो, आणि तो वाचायला साधा, स्वस्त स्कॅनर पुरतो. पी एकने सुरू होणारे कोड मात्र ज्या त्या कंपनीचे. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स, दरवाजे, लाईट यांच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे त्यांच्या छोट्या संगणकांपर्यंत, नीट पोहोचायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. बाजारात मल्टिब्रँड स्कॅनर मिळतात, आमच्या काही पोरांनी कर्ज काढून घेतलेही आहेत. ते पुष्कळ वाचतात. पण वाचणे निराळे आणि आत काही लिहिणे निराळे. नवा भाग बसवला की तो गाडीला ओळखवून द्यावा लागतो, तिथे बरेच स्कॅनर थांबतात.

इंजेक्टरचेच घ्या. कॉमन रेल डिझेलच्या अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो. दोन इंजेक्टर कधी तंतोतंत सारखे डिझेल सोडत नाहीत, म्हणून कारखान्यात मोजून तो फरक कोडमध्ये नोंदवतात. नवा इंजेक्टर बसवला की हा कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात भरायचा. नाही भरला तर गाडी थरथरते, धूर मारते. इंजेक्टर काढणे-बसवणे हे मेहनतीचे, कसबाचे काम आमचा पोरगा नीट करतो. कोड भरणे हे पाच मिनिटांचे काम आणि त्यासाठी गाडी टोचन करून शहरात न्यावी लागते. मला हे पटत नाही आणि आजवर कोणी पटवूनही दिलेले नाही.

किंवा उंदीर घ्या. दिल्लीत हा विषय हसण्यावारी जाईल, आमच्याकडे तो पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत रोजचा आहे. ज्या शेडमध्ये सोयाबीनची पोती, त्याच शेडमध्ये गाडी. रात्रीतून उंदीर बोनेटखालचे वायरिंग कुरतडतात. पूर्वी वायरी मोजक्या होत्या, रंग बघून जोडता यायच्या. आता एकेका हार्नेसमध्ये वायरींचे जुडगे असते आणि त्यातल्या कॅन लाईनच्या पीळ दिलेल्या दोन वायरींवरून सगळे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. त्या दोनांपैकी एक तुटली की सात-आठ दिवे एकदम लागतात आणि ग्राहकाला वाटते गाडी संपली. वायरिंग डायग्राम हाती असेल तर मल्टिमीटर घेऊन आमचा मुलगा दुपारपर्यंत ती वायर शोधून सोल्डर करून देईल. डायग्राम नसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुतेक वेळा अख्खा हार्नेस बदलायला सांगतात. एका वायरीसाठी अख्ख्या हार्नेसचे बिल.

काळ्या मातीचेही तसेच. पाऊस पडल्यावर शेतरस्त्याने गाडी नेली की आमची माती चाकाच्या आतल्या बाजूला थापून बसते आणि वाळून घट्ट होते. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर तिथेच असतो. माती चढली की सिग्नल बिघडतो आणि एबीएसचा दिवा लागतो. सेन्सर काढून पुसला की पुष्कळदा काम होते. हे घरी करता येण्यासारखे आहे, शेतकरी स्वतः करू शकतो. पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि गाडीबरोबर मिळालेल्या जाडजूड पुस्तकात त्याला वाचता येईल अशा भाषेत ते लिहिलेले नसते.

पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर डिझेल गाड्यांच्या डीपीएफबद्दल, म्हणजे काजळीच्या जाळीबद्दल बोललेच पाहिजे, कारण आमच्या भागात सर्वांत जास्त मनस्ताप त्याने दिला आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले. डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली, ती हवेसाठी चांगली आहे. ती जाळी भरत जाते आणि ठराविक काळाने गाडी स्वतःच एक्झॉस्टचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत नेऊन काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. आता आमच्या शेतकऱ्याची गाडी कशी चालते पाहा. घरून शेतात, शेतातून दूध डेअरीवर, तिथून बँकेत, परत घरी. प्रत्येक फेरी दोन-चार किलोमीटरची. काजळी जळायला सुरुवात होते आणि गाडी बंद होते. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डॅशबोर्डवर एक चित्र उजळते, त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो, तो दुर्लक्ष करतो. शेवटी गाडी ताकद सोडते आणि रांगायला लागते. वसमतकडच्या एका शेतकऱ्याला मी स्वतः सांगितले की दिवा लागल्या लागल्या नांदेडच्या रस्त्याने सलग गाडी ने आणि परत ये, बाकी काही करू नको. गाडी सुधारली. त्याने विचारले, "एवढंच होतं तर विकताना का नाही सांगितलं?"

याच जाळीत जिवाचाही प्रश्न आहे. काजळी जळत असताना गाडी सोयाबीनच्या काडावर किंवा वाळल्या गवतावर उभी केली तर खाली आग लागू शकते. अशी सूचना कंपन्यांच्या पुस्तकांतच असते. ती मराठीत, मोठ्या अक्षरांत, गाडीची चावी देताना हातात का पडू नये? आणि जाळी फार भरली असेल तर स्कॅनरवरून हुकूम देऊन उभ्या गाडीत ती काजळी जाळता येते. तो हुकूम देण्याची सोय तालुक्याच्या गॅरेजात असती, तर कितीतरी टोचन वाचले असते.

कंपन्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. बाहेरच्यांना संगणक उघडून दिला तर सुरक्षिततेला धोका आहे, चोऱ्या वाढतील, लोक धुराची यंत्रणा काढून टाकतील, असे त्या सांगतात. यातला काही भाग खरा आहे आणि तो मी झाकणार नाही. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करणारे, डीपीएफची जाळी फोडून रिकामा डबा बसवणारे लोक आहेत. एअरबॅगचा दिवा लागला तर कनेक्टरमध्ये रेझिस्टर घालून दिवा विझवणारेही आहेत. हा रेझिस्टरचा प्रकार माणूस मारणारा आहे. दिवा विझतो, ग्राहक निर्धास्त होतो आणि अपघातात ती एअरबॅग उघडतच नाही. माझ्या वर्गात मी हे कधी चालू दिले नाही आणि असे करणाऱ्याशी माझे आजही बोलणे बंद आहे.

पण साहेब, हे लोक असे का करतात तेही पाहा. एअरबॅगचा दिवा पुष्कळदा स्टिअरिंगमागची गोल पट्टी तुटल्याने किंवा सीटखालचा कनेक्टर सैल झाल्याने लागतो. दोष कुठे आहे ते स्कॅनरवर नेमके दिसले आणि दुरुस्तीची रीत कंपनीकडून मिळाली, तर कुशल मेकॅनिक ते सुरक्षितपणे करू शकतो. त्याला दिसतच नाही, ग्राहक डोक्यावर उभा आहे, शहरातल्या सेंटरचे अंतर आणि बिल दोघांनाही ठाऊक आहे. तेव्हा जो अर्धवट शिकलेला असतो तो रेझिस्टर घालतो. माहिती बंद ठेवून सुरक्षितता वाढलेली नाही. धोका डोळ्यांआड गेला आहे.

चोरीची भीती असेल तर त्याचीही रीत परदेशात बसलेली आहे. युरोपात चावीचे कोडिंग आणि इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) अशी चोरीशी संबंधित माहिती पडताळणी करून मान्यता दिलेल्या दुरुस्तीकारांनाच मिळते, बाकी दुरुस्तीची माहिती सर्व स्वतंत्र गॅरेजांना खुली आहे. आणि ती तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या शुल्कावर घेता येते, म्हणजे लहान गॅरेजवाल्याला गरजेपुरतेच पैसे भरावे लागतात. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2022 पासून हे कायद्याने बंधनकारक झाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली लोकांनी मतदान करून हा हक्क मिळवला. तिथल्या बाजारात गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना ही माहिती देता येते, तर आमच्या बाजारात न देण्याचे कारण तांत्रिक असू शकत नाही.

आपल्या देशातही हे सगळे कोणी मांडले नाही असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने आपल्याच जाळ्यात अडकवून ठेवल्याबद्दल एकूण 2,544.65 कोटी रुपयांचा दंड लावला. सुटे भाग आणि साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध करून द्या, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आयोगाने स्पष्ट सांगितले. प्रकरण पुढे अपिलांत आणि कोर्टात गेले. तेव्हा प्रवेश घेतलेली माझी मुले आज स्वतः बाप झाली आहेत, आणि "बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल" हे वाक्य काउंटरवर अजून तसेच ऐकू येते. आपल्या विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टल सुरू झाले. मी त्या दिवशी पेढे वाटले होते. पण पोर्टलवर दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते मिळून गाडी सुरू होत नाही. स्कॅनरचे सॉफ्टवेअर, वायरिंग डायग्राम, दुरुस्तीची पद्धत हे तिथे मिळाले पाहिजे, आणि देणे हे कंपनीच्या मर्जीवर राहता कामा नये. त्यासाठी कायदा करा.

चालकांच्या बाबतीतही दोन शब्द. नव्या गाड्यांत एसीपासून सगळे काचेच्या पडद्यावर नेले आहे. रात्री मांजरसुंब्याच्या घाटात पुढे उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली असते, तेव्हा चालकाची नजर एक क्षणही पडद्याकडे जाऊ नये. बटण हाताला न बघता सापडते. युरोपातल्या गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा गोष्टींसाठी प्रत्यक्ष बटण असण्यावर गुण ठेवले आहेत. आपले भारत एनकॅप 2023 मध्ये सुरू झाले, त्यातही ही अट घालावी, असे आपण रस्ते वाहतूक मंत्रालयाला लिहावे. लेन सांभाळणारी यंत्रणा आमच्या तालुका रस्त्यांवर उपयोगाची नाही, कारण पट्टेच नाहीत. तिच्या भरवशावर कोणी राहू नये हे विकताना सांगितले पाहिजे.

ट्रॅक्टरचे वेगळे पत्र लिहावे लागेल. 50 अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी 2023 पासून नवे धूर नियम लागू झाले आणि तिथेही ईसीएम, सेन्सर आले. ऐन काढणीत, आभाळ भरून आलेले असताना एका सेन्सरपायी ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर भिजलेल्या सोयाबीनला कोंब फुटतात. ते नुकसान कोणत्याच वॉरंटीत बसत नाही.

आता कंपन्यांना उद्देशून. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात दुचाकी, मोटारी, ब्रेकचे भाग, शॉक ॲब्सॉर्बर बनतात, ते आमच्याच मुलांच्या हातांनी. बिडकीनला आणखी मोठे कारखाने येत आहेत, त्यांचे करार 2024 मध्ये झाले, आणि त्यांत विजेवर चालणाऱ्या गाड्याही आहेत. आम्हाला याचा अभिमान आहे. जमीन आमच्या शेतकऱ्यांनी दिली, पाणी जायकवाडीचे आहे, त्याच पाण्यासाठी आमची गावे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून असतात. गंगापूरचा जो मुलगा सकाळच्या पाळीत ब्रेकचा भाग जोडतो, त्याच्या भावाला गावातल्या गॅरेजात त्याच गाडीच्या ब्रेकचा दोष वाचता येत नाही. कारखान्यांना राज्य सरकार सवलती देते, त्या बदल्यात मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या आयटीआयना चालू मॉडेलची प्रशिक्षण गाडी, कंपनीचा स्कॅनर आणि त्याचा परवाना द्यावा. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या कार्यशाळेत मुलांना शिकवायला कार्बोरेटरचे इंजिन होते. विजेच्या गाडीच्या बॅटरीतला विजेचा दाब (व्होल्टेज) किती धोकादायक असतो हे फळ्यावर चित्र काढून शिकवावे लागले. त्या गाड्या आज गावात फिरताहेत आणि उद्या बिघडल्यावर याच मुलांकडे येणार आहेत.

शेवटची विनंती. या विषयावरची एक सुनावणी दिल्लीऐवजी छत्रपती संभाजीनगरला घ्या. कंपन्यांनी आपले सर्व्हिस इंजिनिअर पाठवावेत, आमची मुले अडलेल्या गाड्या घेऊन येतील आणि कुठे कोड मागितला जातो ते प्रत्यक्ष दाखवतील. तारीख पोळ्यानंतर लगेच ठेवावी. सोयाबीनची काढणी सुरू झाली की गॅरेजवाल्याला आणि शेतकऱ्याला दोघांनाही सवड नसते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, परभणी